रात्रीची विमानं, थ्री-नॉट-थ्री आणि १७ सप्टेंबर

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणे घरी राहिले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" काढलेत.

ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल की या भागात मागे दोनदा विमानाचा आवाज येतो. मी चिकलठाण्यात राहतो. विमानतळ इतका जवळ आहे की दर रेकॉर्डिंगला एखादं विमान येतंच, आणि तो आवाज कापण्यात माझा रविवार जातो. या वेळी मुद्दाम कापला नाही, कारण आजची गोष्ट विमानाच्या आवाजापासूनच सुरू होते.

माझ्या आजीचं माहेर पैठण तालुक्यातलं. रझाकारांच्या वेळी ती दहाएक वर्षांची होती. ती एक गोष्ट नेहमी सांगायची. "रातच्याला इमानं जायची वरून. निजामाच्या बंदुका घेऊन जायची." मी तेव्हा बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे जगातलं सगळं कळतं असं वाटायचं ते वय. मी हसलो. म्हटलं, "आजी, त्या काळात पैठणवरून कुठली विमानं? ट्रक गेला असेल एखादा." ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "तू व्हतास का तवा?"

आजी आता नाही. पण त्या प्रश्नानं मला नंतर बरंच वाचायला लावलं. आज तेच सांगतो.

रीलमधली बंदूक

सुरुवात आजच्या काळापासून करू. आपल्या सगळ्यांच्या फोनवर युक्रेनच्या युद्धाचे व्हिडिओ येऊन गेलेत. त्यात एक वेगळीच जमात आहे. ही मंडळी व्हिडिओ थांबवून, झूम करून सैनिकाच्या हातातली रायफल ओळखतात. ही पोलंडची, ही अमेरिकेची, ही बेल्जियमची. मग त्यावरून अंदाज लावतात की कोण कोणाला मदत करतंय, कोण जिंकणार. माझ्या ऑफिसमधले दोघे तर चहाच्या टपरीवर यावर पैज लावतात.

यात चूक काही नाही. परक्या देशाची बंदूक सैनिकाच्या हातात दिसली की तिच्यामागे एक रस्ता असतो, पैसा असतो, कोणाचा तरी स्वार्थ असतो. तो शोधणं म्हणजे इतिहासच. पण आपल्याच भागात, १९४८ साली, अगदी असंच घडलं होतं हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. परदेशी बंदुका, परदेशी विमानं, परदेशी पायलट. आणि त्या गोष्टीतून मला जे कळलं ते या पैजेच्या बरोबर उलटं आहे.

चारही बाजूंनी जमीन

थोडी पार्श्वभूमी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. आपण म्हणजे तेव्हाचे पाच जिल्हे: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. हा सगळा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील व्हायला तयार नव्हता. १९४१ च्या जनगणनेप्रमाणे संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. लहानसहान संस्थान नव्हे, युरोपातल्या कित्येक देशांपेक्षा मोठा मुलूख.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, एका वर्षासाठी. इंग्रज असताना जे व्यवहार जसे चालायचे तसे चालू ठेवायचे, असा त्याचा अर्थ. इंग्रजांच्या काळात निजामाच्या फौजेला शस्त्रं मिळायची ती ब्रिटिश हिंदुस्थानाकडूनच. त्यामुळे निजामाचं म्हणणं होतं की करार झालाय, तर आता भारतानं शस्त्रं द्यावीत. दिल्लीचं म्हणणं होतं की तुम्ही पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देता, भारतीय चलनावर बंदी घालता, रझाकारांना मोकळं सोडता, आणि वर आम्हीच तुम्हाला बंदुका द्यायच्या? मिळाल्या नाहीत.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हैदराबाद संस्थानाला समुद्रच नाही. चारही बाजूंनी भारत. गोव्याचं बंदर वापरायला मिळावं म्हणून पोर्तुगिजांकडे चाचपणीही झाली होती, पण त्यातून काही निघालं नाही. रेल्वे भारतातून येणार, रस्ते भारतातून येणार. उरलं काय? आकाश.

सिडनी कॉटन नावाचा माणूस

इथं एक ऑस्ट्रेलियन माणूस गोष्टीत येतो. सिडनी कॉटन. जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचा पायलट. तेव्हा विमानाचा कॉकपिट उघडा असायचा आणि पायलट थंडीनं गारठायचे, म्हणून यानं एक उबदार पोशाख तयार केला. त्याच्याच नावावरून तो 'सिडकॉट' म्हणून ओळखला गेला. १९३९ साली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी, हा गडी व्यापारी असल्याचं भासवून जर्मनीत विमानानं जायचा आणि विमानात लपवलेल्या कॅमेऱ्यांनी ब्रिटिश गुप्तचरांसाठी फोटो काढून आणायचा. सिनेमातला हिरो शोभावा असं आयुष्य.

युद्ध संपलं आणि अशा माणसांना काम उरलं नाही. दुसरीकडे जगभर युद्धातल्या उरलेल्या बंदुकांचे ढीग पडले होते. १९४८ मध्ये कॉटननं निजामाच्या सरकारशी सौदा केला आणि कराचीहून शस्त्रं आणि दारूगोळा आणायला सुरुवात केली. विमानं होती लँकॅस्ट्रियन. नाव ओळखीचं वाटतंय? लँकॅस्टर बॉम्बर, ज्यानं जर्मनीवर बॉम्ब टाकले, त्याच्यापासूनच हे प्रवासी आणि मालवाहू विमान बनवलं होतं. चार इंजिनांचं, लांब पल्ल्याचं. ही विमानं रात्री कराचीहून निघायची, भारताच्या हद्दीवरून परवानगीशिवाय जायची, आणि बीदर, वरंगळ अशा निजामाच्या धावपट्ट्यांवर उतरायची. भारत सरकारनं ब्रिटनकडे तक्रार केली. लंडनच्या पार्लमेंटमध्येही हा विषय निघाला, कारण विमानं ब्रिटिश होती.

हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि नकाशावर कराची ते बीदर सरळ रेघ ओढली. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. ती रेघ कुठून जाते माहितीये? सौराष्ट्र ओलांडून, नाशिक-नगरच्या भागावरून, पैठणच्या जरा दक्षिणेकडून.

पैठणच्या!

पायलट काही फूटपट्टी लावून उडाले नसणार, थोडं इकडं थोडं तिकडं झालंच असेल. आजीनं ऐकलं ते विमान कॉटनचंच होतं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण "त्या काळात पैठणवरून कुठली विमानं" असं मी ज्या तोऱ्यात म्हणालो होतो, तो तोरा त्या रात्री उतरला. आजीची माफी मागायची राहून गेली.

जरा हिशोब करू

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोणतीही सिस्टीम बघितली की पहिला प्रश्न येतो: क्षमता किती? मग या हवाई पुरवठ्याची क्षमता किती होती ते पाहू. पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कागदावर मांडायला सोपे जावेत म्हणून.

समजा एका विमानात तीन टन माल मावतो. त्या काळातली नेहमीची रायफल म्हणजे ली-एनफिल्ड, आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती. वजन सुमारे चार किलो. तिचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं. एका रायफलीबरोबर १०० काडतुसं दिली की अडीच किलो. पेटी वगैरे धरून एका माणसाला शस्त्रसज्ज करायला साडेसात किलो. तीन हजार भागिले साडेसात. म्हणजे एका फेरीत ४०० माणसांची सोय.

ऐकायला बरं वाटतं. आता पुढचं ऐका. चांगला तयार झालेला सैनिक थ्री-नॉट-थ्रीतून मिनिटाला १५ नेमके बार काढू शकतो. १०० काडतुसं किती वेळ पुरतील? सात मिनिटं सुद्धा नाही.

एक विमान रात्रीच्या अंधारात, पकडलं जायची भीती घेऊन, साडेतीन-चार तास उडतं. आणि ४०० माणसांना सात मिनिटं लढता येईल एवढं सामान आणतं. हैदराबादची नियमित फौज होती २२ ते २४ हजारांची, त्यातले पूर्ण प्रशिक्षित आणि सज्ज असे सहा हजारांच्या आसपास. शिवाय रझाकार. त्यांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो, आणि त्यातल्या चौथ्या हिश्शाकडे आधुनिक हत्यारं होती असा अंदाज. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. एवढ्यांना आकाशातून पुरवायचं म्हणजे टँकरनं धरण भरण्यासारखं. दरवर्षी मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

खडकीचं काडतूस

आता पलीकडची बाजू बघा. भारतीय सैनिकाच्या हातात कोणती रायफल होती? तीच. थ्री-नॉट-थ्री. मूळ रचना इंग्रजांचीच. फरक एवढाच की ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात आपल्याकडे बनतही होती. आणि काडतूस? ते पुण्याजवळ खडकीला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं कोरलेली असायची, म्हणजे किरकी फॅक्टरी. किरकी हे खडकीचं इंग्रजांनी केलेलं नाव.

भारतीय फौजेची मुख्य तुकडी निघाली सोलापूरहून. पुणे ते सोलापूर रेल्वे. मालगाडीचा एक डबा वीसेक टन माल नेतो, म्हणजे आपल्या हिशोबातली जवळपास सात विमानं. एका डब्यात! आणि गाडीला डबे किती असतात ते तुम्हीच मोजा. दिवसाढवळ्या, कोणाला न लपवता.

तर बंदूक दोन्हीकडे एकच होती. दोन्हीकडची मुळात परदेशी. एवढंच कशाला, भारताचे रणगाडे परदेशी बनावटीचे, टेम्पेस्ट लढाऊ विमानं ब्रिटिश. रीलवाल्यांनी १९४८ चा फोटो झूम केला असता तर त्यांना काहीच कळलं नसतं. फरक बंदुकीत नव्हता. तिच्यामागच्या रस्त्यात होता.

याच मुद्द्यासाठी चार वर्षं मागे जाऊ, आणि एकदम इटलीत. १० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीची एक तुकडी जर्मनांशी लढत होती. नाईक यशवंत घाडगे, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे जखमी झाले किंवा पडले. घाडगे एकटे पुढे धावले. आधी ग्रेनेड फेकला, मग हातातल्या टॉमीगननं गोळ्या झाडल्या. टॉमीगन म्हणजे अमेरिकन बनावटीची बंदूक. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना सोट्यासारखी हाणली. ते ठाणं घेतलं आणि तिथंच शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, गोळ्या संपल्या की जगातली कुठलीही भारी बंदूक चार-पाच किलोचं लोखंड होते. दोन, ते लोखंड घेऊन पुढे जाणारा माणूस वेगळाच लागतो. तो विमानातून उतरवता येत नाही.

पाच दिवस

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सरकारी नाव 'पोलीस अॅक्शन', लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. मुख्य चढाई सोलापूरकडून. पहिली लढाई नळदुर्गला, बोरी नदीच्या पुलासाठी. तो पूल उडवून दिला असता तर ऐन पावसाळ्यात फौज अडकली असती. भारतीय फौजेनं तो धडक मारून धडधाकट ताब्यात घेतला. त्या दिवशी पकडलेल्यांमध्ये एक इंग्रज सापडला. भाडोत्री सैनिक, पूल उडवायचं काम त्याच्याकडे दिलेलं. म्हणजे निजामाकडे बंदुकाच नव्हे, माणसंही बाहेरून आलेली होती. पूल मात्र उडाला नाही.

तुळजापूरला निजामाच्या पायदळाची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले, मग शरण आले. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढं राजेश्वरच्या वाटेवर ठाणी बांधून बसलेल्या फौजेवर टेम्पेस्ट विमानांनी हल्ला केला आणि रस्ता मोकळा झाला. रायफल कितीही नवी असली तरी ती वर बघून काय करणार?

आपल्याकडे चाळीसगावच्या बाजूनं मेजर जनरल ब्रार यांची फौज आली. पाचातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच औरंगाबाद शरण आलं. नागरी अधिकारी स्वतः पुढे आले आणि शहर सुपूर्द केलं. आमच्या चिकलठाण्यावरून जो जालना रोड जातो, त्याच्या दुसऱ्या टोकाला, जालन्यात, मात्र चिवट प्रतिकार झाला. मी रोज या रस्त्यावर ट्रॅफिकला शिव्या देतो. हे कळल्यापासून शिव्या तशाच आहेत, पण जालन्याच्या पाटीकडे नजर जाते.

१७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. १८ ला दुपारी हैदराबादचे सेनापती अल-इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रं खाली ठेवली. संपलं. इतक्या रात्रींच्या फेऱ्या, इतका पैसा, आणि लढाई पाच दिवस.

आणि कॉटन? १९४९ मध्ये त्याच्यावर इंग्लंडमध्ये खटला चालला आणि दंड झाला. किती? २०० पौंड. त्या वेळच्या भावानं साधारण २,७०० रुपये.

मग त्या बंदुकांनी केलं काय?

इथपर्यंत सांगितल्यावर माझा एक मित्र म्हणाला, "मग वाया गेल्या ना त्या बंदुका." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण नाही. भारतीय फौजेसमोर त्या फारशा टिकल्या नाहीत, पण त्याच्या आधीचे महिने आठवा.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी. लातूरला वकिली करायचा. १९४८ च्या उन्हाळ्यात त्याची भाषणं दिवसेंदिवस चढत गेली. हैदराबादेत 'इमरोज' वर्तमानपत्राचा संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील व्हा असं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. नाव नीट वाचा. मुसलमान पत्रकार, निजामाच्या राजधानीत, रझाकारांच्या विरोधात लिहिणारा.

आणि खेड्यांत? गावावर बंदुकधारी टोळी आली तर गावकऱ्याकडे काय होतं? काठी, विळा, फार तर एखादी भरमार. ज्या रायफलीला रणगाड्यासमोर किंमत नव्हती, तिची एका खेड्यासमोर भरपूर किंमत होती. तिथं काडतुसं मोजावी लागत नाहीत. शंभर लागत नाहीत, पाच पुरतात. कधी कधी नुसती खांद्यावर दिसली तरी पुरते. आजी विमानाचा आवाज सांगायची तेव्हा पुढचं वाक्य असायचं, "आवाज आला की माय दिवा इझवायची." विमानातून कोणी खाली बघत नव्हतं. पण भीती कळायला तेवढं पुरे.

दुसरं काम त्या बंदुकांनी केलं राज्यकर्त्यांच्या डोक्यात. आपल्याला शस्त्रं मिळतायत, जगात कोणीतरी आपल्या मागे आहे, थोडं ताणून धरलं तर निभावेल, असं वाटायला लागलं. २१ ऑगस्टला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. तिथं सुनावणी झाली १६ सप्टेंबरला, म्हणजे लढाई संपायच्या आदल्या दिवशी. दर विमानागणिक वाटाघाटीची वेळ निघून जात होती. पाच-सहा टन लोखंडानं मोठी फौज उभी राहत नाही, पण मोठा भ्रम नक्की उभा राहतो.

आपल्या बाजूलाही हत्यारं हवीच होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, इकडे गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं होती, आणि सरहद्दीवर तरुणांचे कॅम्प उभे राहिले होते. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, लढ्याला पैसा हवा म्हणून नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली गेली. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांच्या ठाण्यांवर बॉम्ब टाकले. चिकलठाण्यावरून जालन्याकडे गाडी काढली तर बदनापूर तासाभरात येतं. तिथून जाताना मला त्यांची आठवण होते. त्यांच्यासाठी कराचीहून कोणतं विमान आलं नव्हतं.

१७ सप्टेंबरची दुसरी आठवण

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सांगताना मी रेकॉर्डिंग तीनदा थांबवलं.

दरवर्षी १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं. आम्ही शाळेतून गेलोय. मला त्याचा अभिमान आहे, आजीला तर होताच. पण माझ्या शेजारच्या डेस्कवर एक मित्र बसतो, त्याचं मूळ गाव उस्मानाबादकडचं. त्याच्या पणजोबांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, ते शेती करायचे. फौज पुढे गेली आणि मागून गावात जे झालं त्यात ते गेले. त्याच्या घरी १७ सप्टेंबरला कोणी काही बोलत नाही.

हा एका घरचा किस्सा नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली होती. १९४८ च्या शेवटी ती संस्थानात फिरली. पोलीस अॅक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. मेलेले बहुतेक मुसलमान. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, पण उगवला गेला तो ज्यांच्या हातात बंदूक नव्हती त्यांच्यावर. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना घरात लपवून वाचवलं, हेही त्याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

रझाकार शरण आले तेव्हा त्यांच्या सगळ्या बंदुका काही सरकारजमा झाल्या नाहीत. तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा त्यानंतरही १९५१ पर्यंत चालला, आणि त्यात हिसकावलेल्या, टाकून दिलेल्या रायफली होत्याच. बंदूक ज्यानं मागवली त्याचं राज्य पाच दिवसांत जातं. बंदूक राहते. हात बदलत राहते.

म्हणून टपरीवरच्या पैजेत मी आता भाग घेत नाही. रीलमध्ये परदेशी रायफल दिसली की मित्र विचारतात, "सांग, कुठली?" मी म्हणतो, तीन प्रश्न विचारा. तिचं पुढचं काडतूस कोणत्या रस्त्यानं येणार? ती आधी कोणावर रोखली जाणार? आणि युद्ध संपल्यावर ती कोणाच्या घरी राहणार? १९४८ साली पहिल्याचं उत्तर होतं रात्रीचं विमान. दुसऱ्याचं उत्तर, खेड्यातला माणूस. तिसऱ्याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

आणि एक काम सांगतो. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा. रझाकाराच्या वेळी काय झालं, एवढंच विचारा. ते जे सांगतील ते खोटं वाटलं तरी हसू नका. आधी नकाशा उघडा आणि रेघ ओढून बघा.

माझ्याकडे आजीचा आवाज नाही. फक्त हे विमान आहे, तेवढ्यासाठीच ते कापलं नाही.